नसलेले पान वाचणारा कोंडाजी

१९५७ सालच्या आषाढात एका मंगळवारी सकाळी चिंचवड स्टेशनाजवळच्या रंगाच्या कारखान्यात पिंपाचे झाकण उघडले आणि आत राखाडीऐवजी विटेसारखा तांबडा रंग निघाला. पिंप म्हणजे आडवे बसवलेले, माणूस ओणवा होऊन आत मावेल एवढे लोखंडी पिंप. त्यात दगडी गोळे, जवसाचे तेल आणि रंगाच्या भुकट्या घालायच्या, झाकण आवळायचे आणि पट्ट्यावर सोळा तास फिरवायचे. सोळा तासांनंतर काही दुरुस्त करता येत नाही.

फोरमन उद्धवरावांनी आत वाकून पाहिले, बोट बुडवले आणि ते बोट कोंडाजीपुढे धरले.

“हे काय?”

“रंग हाय साहेब.”

“ते आंधळ्यालाही कळेल. कुठला रंग?”

कोंडाजीचा उजवा पाय टाचेवर थरथरू लागला. हा पाय कारखान्यात सगळ्यांच्या ओळखीचा होता. कोंडाजी नवले उभा असो, बसलेला असो, भाकरी खात असो, पाय हलत असे. वय छत्तीस, गाव ताथवडे. घरची जमीन दोन भावांत एकालाच पुरेल एवढी, म्हणून थोरला शेतावर राहिला आणि धाकटा दोन वर्षांपूर्वी सायकलवर टांग टाकून कारखान्यात आला. पिंपावर त्याच्या तोडीचा माणूस नव्हता. तेल कमी पडले आहे की भुकटी गुठळ्या धरते आहे, हे तो झाकण न उघडता आतल्या गोळ्यांच्या आवाजावरून सांगत असे.

पण माल कुठला आणि किती घालायचा, हे आवाजावरून कळत नाही. ते चिठ्ठीवर असते. रोज सकाळी उद्धवराव चिठ्ठी लिहून पिंपाशेजारच्या खिळ्याला टोचत. कोंडाजीचा जोडीदार सयाजी ती मोठ्याने वाचत असे आणि मग दोघे माल भरत. सोमवारी सयाजी रजेवर होता. कोंडाजीने खिळ्याकडे पाहिले. कागद तसाच, अक्षर तसेच, ओळी चार, शेवटची आखूड. आदल्या दिवशीची चिठ्ठी त्याच्या कानात अजून ताजी होती. त्याने आदल्या दिवशीचाच माल भरला.

उद्धवरावांनी ती चिठ्ठी खिळ्यावरून काढून त्याच्या हातात दिली. “तांबडी काव घातलीस ना? यात काव कुठे लिहिली आहे, दाखव.”

कोंडाजीने तिसऱ्या ओळीवर बोट ठेवले. चिठ्ठीत काव कुठेच नव्हती.

उद्धवराव आरडाओरडा करणारे गृहस्थ नव्हते. त्यांनी बोट चिंधीला पुसले. “गणपती उठले की मी तुला एक चिठ्ठी देईन. माझ्यासमोर वाचायची. वाचलीस तर पिंप तुझं. नाही तर यार्डात डबे रचायचे.”

“वाचतो की मी साहेब. नदर चुकली.”

“मग तर दोन महिने तुला जास्तच होतील,” उद्धवराव म्हणाले आणि निघून गेले.

हे सगळे ताथवड्यात कुणाला सांगून पटले नसते. गावात कोंडाजी हाच वाचणारा माणूस होता. दर श्रावणात देवळात पोथी लागत असे आणि गेली सतरा वर्षे ती कोंडाजी वाचत होता. त्याआधी त्याचा चुलता वाचत असे, आणि तो खरोखर वाचत असे. कोंडाजी लहानपणापासून चुलत्याच्या मांडीला मांडी लावून बसायचा, वाचून झालेली पाने उचलून पालथी ठेवायचा. पुढे चुलत्याला दिसेनासे झाले. त्याने एक दिवस पोथी पुतण्यापुढे सरकवली. कोंडाजीने हात जोडले, पहिल्या पानाकडे पाहिले आणि सुरुवात केली. अख्खी पोथी त्याला पाठ होती. कुठल्या शब्दाला पान उलटायचे, तेही पाठ होते. ऐकणाऱ्यांना शंका येण्याचे काही कारण नव्हते आणि सतरा वर्षांत ती आली नाही.

आपण लोकांना फसवतो आहोत, असे कोंडाजीलाही वाटत नव्हते. पोथीत होते ते तोंडातून बाहेर पडत होते. त्याला वाचणे म्हणायचे नाही तर काय म्हणायचे? अडचण फक्त पत्रे आणि लग्नपत्रिका आल्या की होई. मग त्याच्या डोळ्यांना पाणी सुटे आणि तो शेजाऱ्याला म्हणे, “वाच बाबा, माझं डोळं आलंत.”

बायकोला, गोजाबाईला, हे ठाऊक होते. त्या मंगळवारी संध्याकाळी तिने भाकरी थापता थापता विचारले, “मग सायबाला खरं सांगितलं का न्हाई?”

“काय सांगू? पोथी वाचतो त्याला चिठ्ठी वाचता येत न्हाई?”

“मी काय कुणाला बोलले न्हाई. पर सोळा वर्सं बघतीया. तुमचं डोळं लगनसराईतच येत्यात.”

कोंडाजी पाटावरून उठला, ओसरीवर गेला, सायकलची साखळी सैल नसताना ओढून पाहिली, परत आत आला आणि उभाच राहिला. “यार्डात गेलो तर रस्त्यावरनं येणारा-जाणारा इचारंल. कोंडाजी, पिंपावरनं का काढलं? काय सांगू त्यास्नी?”

“बसा आदी. भाकरी गार हुतीया.”

चिंचवड गावात शाळेच्या ओट्यावर प्रौढांचा सरकारी वर्ग चालत असे. पहिली पाळी तीनला सुटे, वर्ग चारला भरे. ताथवड्याचे तिथे कुणी येत नव्हते, हे कोंडाजीने आधी पाहून घेतले आणि मगच नाव घातले.

वर्ग नानासाहेब घेत. निवृत्त हेडमास्तर, अडुसष्ट वर्षांचे, काटक. आयुष्यभर त्यांनी मुलांना शिकवले होते आणि त्यातल्या निम्म्यांना का आले नाही, हा प्रश्न निवृत्तीनंतरही त्यांना स्वस्थ बसू देत नव्हता. उत्तर त्यांना योगशास्त्रात सापडले होते, किंवा तसे त्यांना वाटत होते. चित्त विचलित करणारे नऊ अडथळे तिथे सांगितले आहेत. नानासाहेबांचे म्हणणे असे, की ज्या कारणांनी माणसाला समाधी लागत नाही, त्याच कारणांनी त्याला बाराखडी येत नाही. ओट्यामागच्या भिंतीवर त्यांनी खडूने नऊ ओळी लिहिल्या होत्या: आजार, मनाचा जडपणा, संशय, बेफिकिरी, आळस, विषयांची ओढ, भ्रम, पायरी न गाठता येणे आणि गाठलेल्या पायरीवर न टिकणे. प्रत्येक ओळीसमोर वर्गातल्या कुणाचे ना कुणाचे नाव होते. रेल्वेतला गँगमन हिंदुराव जडपणासमोर होता, कारण तो खांबाला टेकला की पाचव्या मिनिटाला डुलक्या घेई.

“माझ्याम्होरं सरळ झोप लिवा की मास्तर,” हिंदुराव म्हणायचा. “उगा देवाधर्माचं नाव कशापायी?”

पहिल्या दिवशी नानासाहेबांनी कोंडाजीला समोर बसवले, त्याचा हलता पाय पाहिला आणि तिसऱ्या ओळीसमोर त्याचे नाव लिहिले. “संशय. आपल्याला येईल की नाही, याचा तुला भरवसा नाही. मन दोन डगरींवर उभं आहे, म्हणून पाय थांबत नाही.”

कोंडाजीला हे बरे वाटले. आपल्या आजाराला नाव आहे आणि ते भिंतीवर आहे, म्हणजे औषधही असणार.

औषध तर फारच लवकर लागू पडले. नानासाहेब धडा एकदा वाचून दाखवत. दुसऱ्या दिवशी कोंडाजी तो ओळीखाली बोट फिरवत, न अडखळता म्हणून दाखवी. बाकीचे मात्रा-वेलांट्यांशी झगडत असताना हा दहाव्या दिवशी दहाव्या पानावर होता. हिंदुराव डुलकीतून जागा होऊन म्हणाला, “ह्यो भटजी हाय मास्तर. हितं आमाला लाजवायला आलाय.” नानासाहेबांनी भिंतीवरचे कोंडाजीचे नाव पुसायला फडके उचललेही होते.

अकराव्या दिवशी वाचनमाला वाटताना कोंडाजीच्या वाट्याला एक जुनी प्रत आली. आदल्या दिवशी नानासाहेबांनी तेराव्या पानापर्यंत वाचून दाखवले होते. त्याने ती उघडली, बोट ठेवले आणि सुरू केले. दहावे पान झाले, समोरचे अकरावे वाचले, पान उलटले, बारावे वाचले, तेरावेही वाचले. सगळे अचूक. नानासाहेब त्याच्या मागे उभे होते. वर्ग सुटल्यावर सगळे गेले, तेव्हा त्यांनी कोंडाजीला थांबवले आणि ती प्रत त्याच्यापुढे धरली.

“अकरावं-बारावं परत वाच.”

कोंडाजी वाचू लागला.

“थांब. माझं बोट कुठे आहे?”

बोट शिवणीजवळ होते. तिथे फाटलेल्या कागदाची दोन बोटे रुंदीची पट्टी तेवढी उरली होती. अकरा-बारा हे पानच त्या प्रतीत नव्हते.

कोंडाजीचा पाय थांबला. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच थांबला असावा. मग त्याने पोथीचे सगळे सांगून टाकले. श्रावण, चुलता, पत्रिका, आलेले डोळे, तांबडा रंग. सांगताना तो दोनदा ओट्यावरून खाली उतरला आणि दोनदा वर चढला.

दुसऱ्या दिवशी कोंडाजी आला तेव्हा भिंतीवरच्या तिसऱ्या ओळीसमोरचे त्याचे नाव पुसलेले होते आणि दुसऱ्या कुठल्याही ओळीसमोर नव्हते.

“मी तुझा पाय पाहिला आणि संशय लिहून मोकळा झालो,” नानासाहेब म्हणाले. “तुझ्याकडे पाहिलंच नाही. पस्तीस वर्षांत असे पाय शंभर पाहिले होते, त्यांचंच तुला चिकटवलं. तू चिठ्ठीचं केलंस, तेच मी तुझं केलं.”

“मग मला झालंय काय मास्तर?”

“या नवात ते नाही. योगशास्त्र दुसऱ्या ठिकाणी चित्ताच्या पाच वृत्ती सांगतं. मनाचे पाच चाळे म्हण. खरं समजणं, चुकीचं समजणं, नुसत्या शब्दांवर कल्पना रचणं, झोप आणि पाचवी आठवण. मन निवळायचं असेल तर या पाचांना आवरायचं.”

“आठवन बी?” कोंडाजीला हे मान्य नव्हते. “अवो, आठवतंय म्हणून तर लोक हुशार म्हनत्यात.”

“लोक म्हणतात. मीही जन्मभर तेच म्हणत आलो, पाठ म्हणून दाखवणाऱ्याला पहिला नंबर देत आलो. पण तुझं बघ. समोर कागद आला की तू पहिला शब्द पाहतोस न पाहतोस, तेवढ्यात आठवण पुढे धावते आणि बाकीचं तीच सांगते. डोळ्याला कामच उरत नाही. तुझी आठवण कमजोर असती, तर तू केव्हाच वाचायला शिकला असतास.”

उपाय नानासाहेबांनीच काढला आणि तो कुठल्या शास्त्रात लिहिलेला नव्हता. सुटी अक्षरे एव्हाना कोंडाजीच्या ओळखीची झाली होती; वाचनमाला मात्र बंद. रोज पाटीवर एकच शब्द, आणि तो ते आधी उच्चारून दाखवणार नाहीत. कोंडाजीने तांब्यातल्या पाण्याचा घोट तोंडात धरायचा आणि पाटीकडे पाहत राहायचे. घोट गिळायचा नाही, थुंकायचा नाही. जीभ बांधलेली राहिली की डोळा कामाला लागेल. शब्द डोळ्यांनी पुरता लागला असे वाटले, की मगच घोट गिळून तो बोलायचा. मन इकडेतिकडे गेले तर त्या एका शब्दावर परत आणायचे. पुन्हा गेले, पुन्हा आणायचे.

“येकच सबुद?” कोंडाजी म्हणाला. “मी तासाला दोनशे ओव्या म्हनतो मास्तर.”

“म्हणून एकच.”

पहिल्या दिवशी त्याने घोट तीनदा चुकून गिळला. दुसऱ्या दिवशी ठसका लागून पाटी भिजली आणि शब्द वाहून गेला. तासाला दोनशे ओव्या धावणाऱ्या मनाला एका शब्दासमोर बांधले होते आणि ते दावणीला हिसके देत होते. पाटीकडे पाहता पाहता त्याला पिंपाचा पट्टा आठवे, सायकलच्या मागच्या चाकातली हवा आठवे, मग पोथीच्या ओव्या आपसूक सुरू होत आणि त्या सुरू झाल्या की ओठ हलत आणि पाणी हनुवटीवर येई. पाय तर ओटाच हलवी. हिंदुराव शेजारून म्हणे, “राव, हळू. मला वाटलं गाडी आली.”

कोंडाजी उठे, आवारातल्या विहिरीपर्यंत जाई, तांब्या भरलेला असताना पुन्हा भरून आणी, बसे. तो परत येईपर्यंत नानासाहेब पाटी तशीच धरून ठेवत.

घरीही तेच झाले. जेवताना तो घास तोंडात धरून भिंतीकडे पाहत राही. गोजाबाईने दोन दिवस सोसले आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, “गिळा की. कालवण कडू झालंय का?”

पंधराव्या-सोळाव्या दिवशी काहीतरी फरक पडला. पाटीवर ‘परात’ लिहिले होते. कोंडाजीने घोट धरला. नेहमीप्रमाणे पोथी सुरू झाली, मग थांबली. त्याला एक अक्षर दिसले. मग दुसरे, त्याच्या काण्यासकट. तिसरे. त्याने घोट गिळला आणि म्हणाला, “परात.” म्हटल्यावर त्याने पाटीकडे पुन्हा पाहिले, शब्द बदलला तर नाही ना, म्हणून. शब्द तोच होता. नानासाहेबांनी पाटी पुसली आणि उद्याचा शब्द उद्या, एवढेच म्हणाले.

मध्ये श्रावण आला.

कारखान्याची सुट्टी गुरुवारी. पहिल्या गुरुवारी दुपारी ताथवड्याच्या देवळात पोथी लागली. तीसेक माणसे जमली. कोंडाजीने सोवळे नेसून पोथी सोडली, हात जोडले आणि नेहमीच्या चालीवर सुरू केले. पहिला अध्याय सुरळीत गेला. दुसऱ्या अध्यायात त्याची नजर पानावर पडली आणि तिथे त्याला एक शब्द दिसला. वाचावा असे मनातही नव्हते, दिसला. पाटीवर घोटून घोटून डोळ्यांना आता खोड लागली होती. तो शब्द त्याच्या तोंडात नव्हता. तोंड कुठेतरी चार ओव्या पुढे होते. सतरा वर्षे तोंड आणि पान दोन निरनिराळ्या ठिकाणी चालत होते, हे त्याला त्या क्षणी कळले, आणि तो थांबला.

देऊळ थांबले.

खांबाजवळ रुक्मिणीबाई बसल्या होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, चुलत्यापासूनची पोथी ऐकलेल्या. त्यांनी पुढचा शब्द पुरवला. कोंडाजीने तो धरला, दोन ओव्या म्हटल्या, नजर पुन्हा पानावर गेली आणि पुन्हा तेच झाले. रुक्मिणीबाईंनी पुन्हा शब्द दिला.

मागे बसलेला गावातला चिमाजी म्हणाला, “कोंडाजी, डोळा लागला का रं? रुक्मिणीबाय, तुमीच बसा फुडं.” लोक हसले. कोंडाजीने डोळे मिटून म्हणून पाहिले; मिटल्या डोळ्यांनी वाचणारा वाचक पाहून लोक आणखी हसले. घसा बसल्याचे सांगून त्याने पोथी आवरली. पुढच्या गुरुवारी पिंपळे गावचा एक वाचक बोलावला गेला. घसा बरा होईपर्यंत म्हणून.

पोथी अडली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी, कोंडाजी वर्गात आला तो बसलाच नाही. ओट्याखाली उभ्या उभ्याच म्हणाला, “तुमच्या पान्यानं माझी पोथी वाहून नेली मास्तर. चिठ्ठी येत नव्हती ती नव्हती, पर पोथी तरी व्हती. आता दोन्ही न्हाई. गावात तोंड दावायची सोय ठेवली न्हाई तुमी.”

नानासाहेब खडू हातात घेऊन बसले होते. “पोथी देवळात आहे, पेटीत. वाहून गेलं ते दुसरं काहीतरी.”

“बोलायला सोपं हाय.”

“सोपं नाही. भिंतीवरची नववी ओळ वाच.”

कोंडाजीने रागातच भिंतीकडे पाहिले, आणि राग असल्यामुळे असेल, घोट धरायचे विसरला. “गाठलेल्या... पायरीवर... न... टिकणे.”

“हा अडथळा ज्याने पायरी गाठली त्यालाच येतो. बसून राहणाऱ्याला येत नाही. आज तू मधे आहेस, कोंडाजी. जुनी जागा सुटली आणि नवी अजून अंगवळणी पडलेली नाही. इथून बरेच जण मागे फिरतात. तुझं नाव मी तिथे लिहू का?”

“नगा लिवू,” कोंडाजी म्हणाला. “नावं कमी करा मास्तर आन् सबुद वाढवा. रोजचे दहा द्या. दिवस ऱ्हायल्यात किती.”

खडू पाटीवर टेकवण्याआधी नानासाहेबांनी भिंतीवरच्या नऊ ओळींकडे जरा वेळ पाहिले. त्या दिवशी त्यांनी कुणाच्याच नावाला हात लावला नाही. पाटीवर दहा शब्द लिहिले.

दिवस फार नव्हतेच. श्रावण सरला, गणपती बसले. दहाचे वीस शब्द झाले, विसाच्या ओळी झाल्या. पाणी आता लागत नव्हते, पण वेग नव्हता. एक ओळ वाचायला कोंडाजीला हिंदुरावाची एक डुलकी पुरी होईल इतका वेळ लागे. कारखान्यात सयाजी चिठ्ठी वाचू लागला की तो लांब जाऊन उभा राही आणि मग एकटा खिळ्यापाशी येऊन बोट ठेवी. त्यात माल भरायला उशीर होई. सयाजी कुरकुरत असे, पण माणूस चांगला होता. जोडीदार यार्डात गेला तर आपल्या वाट्याला कोण येईल कोण जाणे, ही धास्तीही त्याला होतीच.

गणपती उठल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याच्या फाटकाशी कोंडाजी सायकलवरून उतरला आणि सयाजीने त्याचा दंड धरला.

“काल पाळी सुटताना सायबाच्या टेबलावर तुझी चिठ्ठी बघितली. ऐक. जस्ताची भुकटी तीन पोती, काजळी दोन मापं, तेल पाच डबे...”

“सांगू नगंस,” कोंडाजी ओरडला.

“...आन् शेवटाला टर्पेंटाइन एक डबा. झालं. आता म्हनून टाक धडाधडा.”

कोंडाजीने कानांवर हात नेले तेव्हा सांगून झाले होते. एकदा कानात गेलेले त्याच्या कानातून कधी बाहेर येत नसे. पिंपापर्यंतच्या शंभर पावलांत ती चिठ्ठी त्याच्या डोक्यात सात वेळा म्हणून झाली. तो चालता चालता थांबला, मागे वळला, पुन्हा पुढे निघाला. म्हटली तर पिंप त्याचे होते. डोळे उघडे ठेवून, बोट फिरवून, मधे एकदोनदा अडखळल्यासारखे करून. असे वाचन त्याने सतरा वर्षे केले होते आणि ते त्याच्याइतके चांगले कुणाला जमणार नव्हते.

अकराच्या सुमाराला उद्धवराव आले. त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली. सयाजी पिंपाच्या झाकणाशी होता आणि आधीच घट्ट असलेला नट आवळत होता.

“वाच.”

कोंडाजीने चिठ्ठी घेतली. पहिल्या अक्षरावर त्याची नजर पडली आणि आठवणीने बाकीचे सगळे त्याच्यापुढे मांडले, शेवटच्या डब्यापर्यंत. त्याने अक्षरांकडे पाहायचा प्रयत्न केला. अक्षरे दिसत होती, पण आपण ती वाचतो आहोत की नुसती ओळखतो आहोत, हे त्याला सांगता येईना. पाय जोरात हलू लागला.

“साहेब,” तो म्हणाला, “ही मला पाठ हाय. दुसरी द्या.”

उद्धवराव एक पाऊल पुढे आले. “पाठ? ही मी काल लिहिली. कुणी सांगितली?”

“ऐकली म्या. कान माझं हायेत.”

उद्धवरावांनी सयाजीच्या पाठीकडे पाहिले. सयाजीने नट आणखी अर्धा फेरा आवळला. “दुसरी देईन,” ते म्हणाले, “पण ती सोपी असणार नाही. आणि तिसरी मिळणार नाही.”

“व्हय साहेब.”

त्यांनी पेन काढले, पिंपाकडे एक नजर टाकली आणि चिठ्ठीच्याच मागच्या बाजूला उभ्या उभ्या काहीतरी लिहिले.

कोंडाजीने कागद खिडकीकडे धरला. पहिला शब्द ‘पिंप’ होता, तो लवकर लागला. ‘आज’ लागला. तिसऱ्याला आठवण पुढे आली आणि तिने ‘भरावे’ असे सांगितले. चिठ्ठ्यांत तेच असायचे. त्याने तोंड घट्ट मिटले. अक्षर एक, अक्षर दोन. ते ‘भरावे’ नव्हते. तो मागे गेला, ‘पिंप’पासून पुन्हा आला. ‘भरू’. पुढचा शब्द आखूड होता. आजवर कुठल्याही चिठ्ठीत त्याने तो ऐकला नव्हता, म्हणून आठवणीजवळ त्याच्यासाठी काहीच नव्हते. डोळ्यांनाच तो सोडवावा लागला. बराच वेळ गेला. उद्धवरावांनी एकदा घड्याळ पाहिले. कोंडाजीने ते पाहिले नाही.

“पिंप आज भरू... नये,” तो म्हणाला. मग थांबून, “पट्टा... सैल आहे. आधी... पट्टा... ओढून... घ्यावा.”

“तेरा मिनिटं लागली.”

“पिंप सोळा तास फिरतं साहेब.”

उद्धवरावांनी चिठ्ठी परत घेतली, घडी घातली आणि ते कचेरीकडे वळले. “तूच राहा पिंपावर. पण यापुढे चिठ्ठी तू वाचायची, सयाजीने नाही. आणि सयाजी, तू जेवणानंतर कचेरीत ये.”

ते दूर गेल्यावर सयाजीने पाना जमिनीवर टाकला. “शाब्बास राव. पाठ व्हतं ते म्हनून टाकलं असतंस तर तुझंबी झालं असतं आन् माझंबी. आता मला कचेरीत उबा करतोय त्यो.”

“सांगू नगंस म्हनलो व्हतो.”

“तुझ्या भल्यासाठी सांगितलं.”

“ठावं हाय मला,” कोंडाजी म्हणाला. त्याने पाना उचलला, पिंपाला वळसा घालून मागे गेला आणि पट्ट्यावर हात ठेवला. पट्टा खरोखरच सैल होता. “ये हिकडं. दुसऱ्या बाजूनं धर.”

सयाजी थोडा वेळ जागचा हलला नाही. मग आला.